२६४० साली संपणारी मैफल

विलंबित ख्याल रंगात आला की श्रोत्यांपैकी एक जण तरी हळूच घड्याळाकडे बघतो. गायकाला समेवर यायला मिनिटभर लागलं तर त्याची चुळबूळ सुरू होते. अशा माणसाला एकदा जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावी नेऊन बसवावं, असं मला नेहमी वाटतं. तिथे ५ सप्टेंबर २००१ रोजी एक मैफल सुरू झाली. ती २६४० साली संपणार आहे. मध्यंतर नाही.

आकडा चुकलेला नाही. एकच रचना, एकच वाद्य, एकच जागा आणि ६३९ वर्षं. वाद्य आहे चर्चमधला पाइपांचा ऑर्गन. जागा आहे नऊशे वर्षांहून जुन्या मठाचं चर्च. ही इमारत आधी मठ होती, मग कोठार होती, दारूची भट्टी होती आणि डुकरांचा गोठाही होती.

हाल्बरश्टाट हे हार्त्स डोंगररांगेच्या उत्तरेला वसलेलं, चाळीसेक हजार वस्तीचं गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, ८ एप्रिल १९४५ रोजी झालेल्या बॉम्बवर्षावात जुन्या गावाचा बहुतेक भाग जळून गेला. पुढची चाळीस वर्षं ते पूर्व जर्मनीत होतं. गावात संत बुर्खार्डी नावाचं चर्च आहे. ते साधारण १०५०च्या सुमाराचं, म्हणजे गावातल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. सहाशे वर्षांहून जास्त काळ तिथे सिस्टर्शियन पंथाच्या नन राहत होत्या. हा पंथ साधेपणासाठी ओळखला जातो. भिंतींवर नक्षी नको, सोन्याचांदीचा झगमगाट नको; काम आणि प्रार्थना, एवढंच. या नन संत बेनेडिक्टच्या नियमांप्रमाणे चालत, आणि त्या नियमांत प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या आहेत: दिवसभरात सात आणि रात्री झोपेतून उठून एक. आपल्याकडे देवळात काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस आखलेला असतो, तसा तिथे माणसांचा दिवस आखलेला होता. या वेळा पाळायच्या म्हणजे पाळायच्या. एक पिढी थकली की दुसरी उभी राहायची.

युरोपातल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त मठाची पडझड झाली. १७११ साली तो पुन्हा बांधून काढला. मग नेपोलियनचा धाकटा भाऊ जेरोम वेस्टफालियाचा राजा झाला आणि १८१० साली त्याच्या राजवटीत मठ बंद झाला. पुढची १९० वर्षं चर्चच्या इमारतीत धान्य साठवलं गेलं, दारू गाळली गेली, डुकरं पाळली गेली. पाडून टाकण्याइतकी कोणाला गरज पडली नाही, एवढंच तिचं नशीब.

आता थोडं मागे, १३६१ सालाकडे जाऊ.

त्या वर्षी याच गावातल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये निकोलस फाबर नावाच्या माणसाने एक अवाढव्य ऑर्गन बसवला. नामदेवांनी समाधी घेऊन अकरा वर्षं झाली होती, गुलबर्ग्याला बहमनी राज्य नुकतं स्थिरावत होतं आणि शिवरायांच्या जन्माला अजून २६९ वर्षं होती. तो ऑर्गन आज नाही, पण मिखाएल प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराने १६१९ साली छापलेल्या ग्रंथात त्याचं चित्रांसह वर्णन करून ठेवलं आहे. वीस भाते होते आणि ते पायांनी दाबायला दहा माणसं लागत. पट्ट्या इतक्या रुंद आणि जड होत्या की त्या मुठीने दाबाव्या लागत. पण खरी गंमत त्या पट्ट्यांच्या मांडणीत आहे. सप्तकातले बाराही स्वर देणारी पट्ट्यांची मांडणी असलेला, कायमचा बसवलेला पहिला मोठा ऑर्गन म्हणून याचं नाव घेतलं जातं. आपल्याकडे गायक मैफलीआधी ‘माझी पट्टी काळी चार’ असं सहज सांगतो. त्याच्या समोरच्या पेटीतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं घराणं मागे मागे शोधत गेलं, तर वाट या गावातून जाते.

दुसरा धागा अमेरिकेतला. जॉन केज हा विसाव्या शतकातला सर्वांत खट्याळ आणि बहुधा सर्वांत गंभीर संगीतकार. जन्म ५ सप्टेंबर १९१२. वादकाने वाद्यासमोर बसायचं आणि चार मिनिटं तेहेतीस सेकंद काहीच वाजवायचं नाही, ही १९५२ सालची रचना त्याचीच. १९८५ साली त्याने पियानोसाठी एक छोटी रचना लिहिली आणि १९८७ साली तीच ऑर्गनसाठी बेतली. तिच्या नावातच सूचना आहे: अ‍ॅज स्लो अ‍ॅज पॉसिबल, जमेल तितकं हळू. स्वर कोणते, क्रम कोणता, हे सगळं कागदावर आहे. दोन स्वरांमधलं कागदावरचं अंतर म्हणजे त्यांच्यातला वेळ. वेग मात्र लिहिलेला नाही. नकाशा आहे, पण एक सेंटिमीटर म्हणजे किती किलोमीटर, ते सांगितलेलं नाही.

गेर्ड त्साखर या ऑर्गनवादकाने १९८७ साली ही रचना पहिल्यांदा वाजवली, तेव्हा ती २९ मिनिटांत संपली. २००९ साली अमेरिकेत डायेन लुकीझी या वादिकेने ती सलग १४ तास ५६ मिनिटं वाजवली. माणसाच्या शरीराला जमेल तितकं हळू म्हणजे बहुधा त्याच्याच आसपास.

केज १९९२ साली गेला. पाच वर्षांनी ट्रॉसिंगन या गावी संगीतकार, ऑर्गन बनवणारे आणि तत्त्वचिंतक जमले आणि त्यांनी हा प्रश्न अक्षरशः घेतला: ऑर्गनवर ‘जमेल तितकं हळू’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. पियानोची तार एकदा छेडली की तिचा नाद विरतच जातो. पट्टी कितीही वेळ दाबून धरा, काही सेकंदांनी शांतता होणार. तंबोऱ्याचंही तेच, म्हणून तो सतत छेडत राहावा लागतो. ऑर्गनचं तसं नाही. पाइपच्या तळाशी हवा येते, एका फटीतून पातळ पात्यासारखी बाहेर पडते, समोरच्या धारेवर आपटते आणि आत-बाहेर डोलू लागते. त्या डोलण्याने पाइपमधला हवेचा खांब थरथरतो. हवा येत आहे तोवर स्वर. (मराठी संगीत नाटकांत ‘ऑर्गन’ म्हणून जो वाजायचा, तो पायाने भाता मारायचा पत्तीचा ऑर्गन, हा त्याचा पाइपवाला थोरला चुलता.) म्हणजे ऑर्गनच्या स्वराला स्वतःचा असा शेवटच नाही. वाद्य शाबूत आहे, भाता चालू आहे आणि कोणाला तरी त्याची काळजी आहे, तोपर्यंत तो चालणार. ‘जमेल तितकं’ याचा अर्थ माणसांवर येऊन थांबतो.

मग उत्तर हाल्बरश्टाटमध्ये सापडलं. १३६१ ते २००० ही झाली ६३९ वर्षं. बारा स्वरांचा ऑर्गन जितकं मागे गेल्यावर भेटतो, तितकंच पुढे जायचं. २००० सालाला मध्ये आरसा धरला, बस्स. रचनेचे आठ भाग आहेत आणि एक भाग पुन्हा वाजवायची मुभा आहे. म्हणून नऊ भाग, प्रत्येकी ७१ वर्षं. नवाला एकाहत्तरने गुणून पाहा.

आता माझं मत. ६३९ हा आकडा बराचसा हौसेचा आहे. शब्दाला चिकटायचं तर ‘जमेल तितकं हळू’ ही रचना कधी संपूच नये. पण माणसांना तारीख लागते. तारीख नसलेल्या कामाला कोणी वर्गणी देत नाही.

आणि जागा? गावाचं कॅथेड्रल उघडच गैरसोयीचं होतं. तिथे रविवारी प्रार्थना, लग्नं, अंत्यविधी. मागे सतत एक सूर लागलेला कोण खपवून घेईल? शिवाय एकदा सुरू झालं की थांबवायचं नाही. म्हणजे अशी जागा हवी, जिच्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. डुकरांच्या गोठ्याला भाग्य आलं ते असं. बुर्खार्डी चर्च साफ झालं, छत-भिंती सावरल्या. गिलावा नाही, बाकडी नाहीत, वेदीवर थाट नाही. उघडे दगड आणि रिकामी जमीन. नवं काही घालून सजवलं नाही, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. सिस्टर्शियन ननना ही जागा आज दाखवली असती, तर त्यांना ती फार परकी वाटली नसती.

५ सप्टेंबर २००१. केज हयात असता तर त्याचा ८९वा वाढदिवस. लोक जमले, मैफल सुरू झाली आणि काहीच ऐकू आलं नाही. रचनेची सुरुवातच विरामाने आहे. २९ मिनिटांच्या वादनात तो चारेक सेकंदांचा झाला असता. या मापात तो सतरा महिन्यांचा झाला. दीड वर्षाच्या आसपास त्या चर्चमध्ये ऐकू येत होती ती फक्त भात्यातली हवा. स्वरच नव्हता तर पाइप तरी कशाला? ऑर्गन पूर्ण तयार नसतानाही मैफल बिनदिक्कत सुरू करता आली. आजही तो पूर्ण नाही. लागेल तसा एकेक पाइप त्यात बसवला जातो. वाद्य आणि वादन बरोबरच वाढत आहेत.

पहिला नाद ५ फेब्रुवारी २००३ रोजी झाला. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर दोन सप्तकांतल्या दोन काळ्या चार आणि एक पांढरी सात. जुलै २००४ मध्ये दोन पांढऱ्या तीन येऊन मिळाल्या. वर्षभराने आधीचे तीन स्वर गेले. जानेवारी २००६ मध्ये पांढरी सहा, पांढरी एक आणि काळी तीन आल्या. असं चाललं आहे. प्रत्येक बदल महिन्याच्या पाच तारखेलाच होतो, कारण सुरुवात पाच तारखेची आणि मोजमाप महिन्यांचं. ५ ऑक्टोबर २०१३ रोजी लागलेला स्वरमेळ बदलला तो थेट ५ सप्टेंबर २०२० रोजी. २,५२७ दिवस तेच स्वर. त्साखरच्या वादनाच्या मापात हे एकोणीस सेकंद होतात.

वाजवतं कोण? कोणीच नाही. चर्चच्या एका बाजूला भाते आहेत. त्यांना विजेवरच्या पंख्याने हवा मिळते. समोरच्या बाजूला लाकडी चौकटीत मोजके पाइप उभे आहेत आणि पट्ट्या दाबून धरायला वाळूच्या छोट्या पिशव्या टांगलेल्या आहेत. १३६१ सालच्या दहा भातेवाल्यांचं काम आता वीज करते आणि वादकाच्या बोटांचं काम वाळू. चोवीस तासांचा हा नाद अंमळ कमी व्हावा म्हणून भोवती पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी बसवली आहे. वस्तीतलं चर्च आहे शेवटी. आपल्याकडे रात्री दहानंतरच्या लाऊडस्पीकरवरून वाद होतात. इथे प्रश्न पुढच्या सहा शतकांच्या रात्रींचा आहे.

आत शिरणाऱ्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, कुठेतरी मोठं यंत्र सुरू आहे. मग कान जुळतो. दोन पावलं पुढे टाकली की एक स्वर ठळक होतो, मान वळवली की तो विरतो आणि दुसराच वर येतो. ही भुताटकी नाही. सलग स्वराच्या लाटा दगडी भिंतींवर आपटून परत येतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लाटा काही ठिकाणी एकमेकींना दुणावतात, काही ठिकाणी खोडतात. बोलण्यात किंवा गाण्यात स्वर सारखे बदलत असतात, म्हणून ही नक्षी कधी जमून बसत नाही. इथे मात्र ती महिनोन्‌महिने हवेत स्थिर उभी असते. स्वर बदलत नाहीत, तर ऐकणाऱ्याने चालायचं. भिंती कोऱ्या ठेवणाऱ्या या मठात पहिल्यांदाच नक्षी आली, तीही न दिसणारी.

ऋतूही यात हातभार लावतो. पाइपमधल्या स्वराची उंची हवेतल्या ध्वनीच्या वेगावर ठरते आणि हवा गार झाली की तो वेग घटतो. वीस अंशांची हवा शून्यावर आली, तर पाइपचा स्वर अर्ध्या सुराच्या निम्म्याहून थोडा जास्तच उतरतो. गारठलेल्या दगडी इमारतीत हाच स्वरमेळ जानेवारीत थोडा खाली बसतो आणि जुलैत पुन्हा वर चढतो. सगळे पाइप मिळून उतरतात, म्हणून बेसूर होत नाहीत. केजने हे कुठे लिहिलेलं नाही. योगायोगाला रचनेत जागा द्यायची, हे त्याचं आयुष्यभराचं व्रत होतं. हे त्याला नक्की आवडलं असतं.

केजचं हे वळण कुठून आलं, याचा एक दुवा आपल्या देशात आहे. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई पाश्चात्त्य संगीत शिकायला न्यूयॉर्कला गेल्या. केजने त्यांना शिकवायचं कबूल केलं. फी नाही, बदल्यात त्यांनी भारतीय संगीत समजावून सांगायचं. संगीत कशासाठी असतं, असं केजने विचारलं. आपल्या गुरूंनी काय सांगितलं, ते गीताबाईंनी सांगितलं: मन शांत, निवळ व्हावं, म्हणजे दैवी गोष्टीला आत यायला वाट मिळते. परत निघताना त्यांनी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचं पुस्तक दिलं. मन मांडता येतं, भावना पोहोचवता येते, या पाश्चात्त्य कल्पनेला केज तेव्हा विटला होता. गीताबाईंचं उत्तर त्याने पुढे जन्मभर सांगितलं. त्याच सुमारास त्याने नवरसांच्या कल्पनेवर पियानोसाठी रचनांची मालिका लिहिली. हाल्बरश्टाटचा न हलणारा सूर ऐकताना मराठी श्रोत्याला तंबोरा आठवतो. ते अगदीच ओढूनताणून नाही, असं म्हणायला जागा आहे.

पैशांची गोष्टही सांगायला हवी, कारण ती फार हुशारीची आहे. ६३९ वर्षं म्हणजे ६३९ धातूच्या पट्ट्या. ज्याला हवं त्याने एक वर्ष घ्यायचं. सुरुवातीला त्याला हजार युरो पडत. त्या पट्टीवर वर्षाचा आकडा आणि देणाऱ्याने निवडलेला मजकूर. चर्चच्या भिंतीवर अशा पट्ट्या ओळीने लावल्या आहेत. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरायची आपली जुनी चाल. फरक एवढाच की इथे नाव कोरलं जातं ते अजून न आलेल्या वर्षावर. आपलं बोट जिथे कधीच पोहोचणार नाही असं चोविसाव्या शतकातलं एखादं वर्ष निवडायचं आणि त्यासाठी आज पैसे मोजायचे. याला तमाशा म्हणणारे आहेत. थोडा तमाशा आहेच. पण गावोगावचे लोक स्वर बदलायच्या दिवशी तिथे गर्दी करतात. कोरोनाच्या सावटात, सप्टेंबर २०२० मध्येही तोंडाला मास्क बांधून ते आले होते. दोन पाइप बसले, स्वरमेळ बदलला, टाळ्या झाल्या आणि लोक घरी गेले.

मला हे सगळं वाचताना गावचा अखंड हरिनाम सप्ताह आठवतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहाऱ्याची पाळी संपली की पुढचा विणेकरी येतो, पाया पडतो आणि वीणा स्वतःच्या गळ्यात घेतो. रात्री तीनच्या पहाऱ्याला देवळात दुसरं कोणी नसलं, तरी वीणा चालूच. त्या वेळी कोण ऐकतंय, हा प्रश्नच नसतो. बुर्खार्डीच्या ननही रात्री उठत, तेव्हा ऐकायला कोणी श्रोते नव्हते. हाल्बरश्टाटमध्ये नव्याने घडलं ते एवढंच: वीणा ज्यांच्या गळ्यात होती ती माणसं १८१० साली हाकलली गेली, १९० वर्षं वीणा जमिनीवर होती आणि मग कोणीतरी दुसऱ्यांनी ती उचलली. त्यांचा देव वेगळा आहे, किंवा नाहीच. पण या भिंतींना सहाशे वर्षांच्या कामाची सवय आहे. एवढं लांब काम त्यांनी एकदा करून दाखवलेलं आहे, आणि जगात असं म्हणू शकणाऱ्या जागा फार नाहीत.

यानंतर मठाचं पुनरुज्जीवन म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, म्हणजे भिंतीवर चित्रं, कोपऱ्यात कॅफे, अंगणात महोत्सव, ते मला जरा घाईचं वाटू लागलं आहे. वाईट नव्हे, घाईचं.

५ फेब्रुवारी २०२४ रोजी झालेल्या स्वरबदलानंतरचा बदल ५ ऑगस्ट २०२६, बुधवार, या दिवशी ठरलेला. रचनेचा पहिला भाग अजून संपायचा आहे. तो २०७२ साली संपेल. तुमच्या घरात या वर्षी एखादं बाळ जन्मलं असेल, तर तेव्हा ते पन्नाशीला टेकलेलं असेल. त्याला सांगून ठेवा.